इतिहासातल्या समस्त आत्याबाईंस अनावृत पत्र

प्रति,
समस्त आत्याबाई,
भोसले, भट आणि इतर नामांकित घराणी,
मुक्काम सातारा, कोल्हापूर, पुणे.

ती. आत्याबाई,
शि. सा. न. वि. वि.

बाळाच्या कानात नाव सांगायचा मान तुमचा. त्याबद्दल तक्रार नाही. पाळण्याखालून ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ झालं, तुम्ही वाकून कानात कुर्रर्र केलंत, की पाठीत धपाटे पडतात, हेही रीतसर. माझं म्हणणं एवढंच की ते धपाटे फार हळू पडले.

पत्रास कारण की, इतिहासाचे पेपर तपासताना पुढील उत्तर वाचण्यात आलं. ‘बाजीराव पेशवा एकही लढाई हरला नाही. नंतर तो इंग्रजांना शरण गेला आणि वर्षाला आठ लाख रुपये पेन्शन घेऊन बिठूरला राहिला.’ आता सांगा, मार्क कुठे कापू? दोन्ही वाक्यं खरी आहेत. फक्त माणसं दोन आहेत. पहिला २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदेकाठी रावेरखेडीच्या छावणीत वारला, तेव्हा त्याची चाळिशीही उलटली नव्हती. दुसरा जून १८१८ मध्ये माल्कमच्या स्वाधीन झाला आणि १८५१ पर्यंत जगला. थोरल्याची सगळी पेशवाई वीस वर्षांची. धाकट्याने तिच्या दीडपटीहून जास्त काळ नुसती पेन्शन खाल्ली. आणि ‘तू कोण मोठा बाजीराव लागून गेलास?’ असं आपण एखाद्याला विचारतो, तेव्हा त्याने यातला कोणता समजायचा?

आजोबांचं नाव नातवाला, ही तुमची जुनी हौस. नावाबरोबर गुणही उतरतील, अशी आशा असणार. राघोबादादांच्या घरी तर ही हौस जोडीने फेडली गेली. थोरल्या मुलाचं नाव बाजीराव, धाकट्याचं चिमाजी, म्हणजे आजोबा आणि चुलत आजोबा दोघंही पुन्हा घरात हजर! पहिल्या चिमाजीआप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली. दुसऱ्या चिमाजीआप्पाला १७९६ मध्ये कारभाऱ्यांनी पेशव्यांच्या गादीवर बसवलं आणि वर्षाच्या आत उतरवलंही. राहिली वसई. तिथेच १८०२ च्या अखेरीस या दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह करून स्वातंत्र्य गहाण टाकलं. आत्याबाई, नावं उतरली खरी, पण फिरून त्याच गावात येऊन काय केलं ते पाहिलंत ना?

बाळाजींबद्दल थोडक्यात आवरतो. बाळाजी विश्वनाथ, त्यांचे नातू बाळाजी बाजीराव, शिवाय फडावरचे बाळाजी जनार्दन. टोपणनावांनी घोटाळा सुटेल म्हणावं, तर नातू नानासाहेब, फडावरचे नाना, आणि १८५७ मध्ये बिठूरहून आणखी एक नानासाहेब.

पण माझा खरा दावा शाहूंबद्दल आहे. यात तुमच्यापैकी बऱ्याच जणी निर्दोष सुटतील, हे आधीच सांगून टाकतो.

संभाजी महाराजांना १६८२ मध्ये मुलगा झाला, त्याचं नाव ठेवलं शिवाजी. आजोबांचंच. रायगड पडल्यावर हा मुलगा आई येसूबाईंबरोबर औरंगजेबाच्या कैदेत गेला. इकडे राजाराम महाराज आणि ताराबाईंना १६९६ मध्ये मुलगा झाला, त्याचंही नाव शिवाजी! म्हणजे १७०७ मध्ये सुटका होऊन पहिला शिवाजी परत आला, तेव्हा गादीवर दुसरा शिवाजी बसलेला. त्याच वर्षी खेडला दोन्ही पक्षांची गाठ पडली. ती लढाई मी फळ्यावर ‘शिवाजी विरुद्ध शिवाजी’ अशी लिहिली असती, तर शाळेवर मोर्चा आला असता. वाचलो, कारण कैदेतल्या मुलाला तोवर शाहू म्हणू लागले होते. ते नाव खुद्द औरंगजेबाने दिलं, असं परंपरा सांगते. सख्ख्या आत्यांना जे सुचलं नाही, ते दिल्लीच्या बादशहाला सुचलं!

या शाहूंनी १७०८ ते १७४९ साताऱ्याहून राज्य केलं. बाळाजी विश्वनाथाला पेशवेपद त्यांनी दिलं. बाजीराव जेमतेम वीस वर्षांचा असताना त्यालाही त्यांनीच नेमलं. मराठी फौजा माळवा-गुजरातेत पसरल्या त्या यांच्याच आमदानीत. माणूस मोठा गमतीचाही होता. ग्रँट डफने लिहून ठेवलंय की, एक सरदार अंगभर दागिने घालून दरबारात येणार, तेव्हा शाहूंनी आपल्या लाडक्या कुत्र्याला जरीचे कपडे आणि जडजवाहीर चढवलं, वर स्वतःची पगडीही त्याच्याच डोक्यावर ठेवली आणि आपण बोडक्याने बसले. साताऱ्याजवळ संगम माहुलीला महाराजांची समाधी आहे, तशी त्या कुत्र्याचीही आहे.

आता कोणालाही विचारा, ‘शाहू महाराज कोण?’ उत्तर येईल, कोल्हापूरचे. वसतिगृहं काढणारे, कुस्त्यांना आश्रय देणारे, जुलै १९०२ मध्ये आपल्या संस्थानात मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवणारे राजर्षी. ते मोठे होते यात वादच नाही. म्हणूनच पंचाईत. एका मोठ्या शाहूंनी दुसऱ्या मोठ्या शाहूंना झाकून टाकलं. जे थोडं उघडं राहिलं, ते पेशव्यांच्या नावावर जमा झालं. मधे साताऱ्याला आणखी एक शाहू होते, १७७७ मध्ये दत्तक आलेले, प्रतापसिंहांचे वडील. त्यांची तर कुणी दादच घेत नाही.

राजर्षींचं जन्मनाव यशवंत. कागलच्या घाटग्यांचा मुलगा, मार्च १८८४ मध्ये दत्तक गेला आणि शाहू झाला. त्यांच्या आधी गादीवर होते तेही दत्तक, नाव बदलून शिवाजी केलेले. या शिवाजी महाराजांचा कारभाऱ्याकडून छळ होतो, असं छापल्याबद्दल टिळक-आगरकरांनी १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. हे वाक्य वर्गात मागचा-पुढचा संदर्भ न देता म्हणून पाहा, मुलं तुमच्याकडे कशी बघतात! तर आत्याबाई, कोल्हापूरच्या घोटाळ्यात तुमचा हात नाही. तुम्ही कागलला चांगलं यशवंत ठेवलं होतंत. दत्तकविधानात दुसरं बारसं होतं, तिथे आत्याला विचारतो कोण?

सासरही तसंच. न्यायमूर्ती रानड्यांचं नाव महादेव, पण सगळे माधवराव म्हणत. त्यांच्या घरी १८७३ मध्ये कुर्लेकरांची यमुना सून म्हणून आली आणि रमा झाली. म्हणजे थेऊरला १७७२ मध्ये संपलेली पेशव्यांची माधवराव-रमाबाई ही जोडी शंभर वर्षांनी पुण्यात पुन्हा उभी! एक रमाबाई नवऱ्यामागे सती गेल्या. दुसऱ्यांनी नवऱ्यामागे सेवासदन चालवलं आणि त्याच्या आठवणींचं पुस्तक लिहिलं. यावर कडी म्हणजे १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्याला आल्या. रमाबाई रमाबाईंच्या सभेला गेल्या म्हणून घरच्या बायकांनी रमाबाईंना टोमणे मारले, हे वाक्य व्याकरणाने आणि इतिहासाने अगदी शुद्ध आहे. समजलं तर सांगा. केडगावचं मुक्ती सदन रानडेबाईंना आणि सेवासदन पंडिताबाईंना देऊन मोकळी झालेली कितीतरी मुलं मी पास केली आहेत. राजगृहात २७ मे १९३५ रोजी गेलेल्या आंबेडकरांच्या रमाबाई तेवढ्या या गोंधळातून वाचल्या. त्यांना लोक ‘माता रमाई’ म्हणतात. लोकांनी प्रेमाने नाव थोडं वाकवलं, म्हणून त्या त्यांच्या त्यांच्या राहिल्या.

तेव्हा खटल्याचा निकाल असा. बाजीराव आणि चिमाजी यांच्या बाबतीत तुम्ही दोषी. शाहू आणि रमाबाई यांच्या बाबतीत दत्तकविधान करणारे आणि सुनांची नावं बदलणारे दोषी. सगळ्यांत मोठे दोषी आम्ही. गावोगावी ‘शाहू चौक’ आणि ‘रमाबाई मार्ग’ अशा दोन शब्दांच्या पाट्या लावून आम्ही मोकळे झालो. कोणते शाहू, कोणत्या रमाबाई, हे पाटीही सांगत नाही आणि नगरसेवकही.

नगरपालिकांना माझी हात जोडून विनंती आहे. पुढच्या वेळी पाटी रंगवाल, तेव्हा नावाखाली जन्म-मृत्यूची सालं घाला. आठ आकड्यांना फारसा रंग लागत नाही. आणि आत्याबाई, सध्या माझ्या वर्गात तीन आरव आहेत. पुढच्या बारशाला कानात काय सांगायचं ते सांगा, पण त्याआधी शेजारच्या चार घरी चौकशी करा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यामागचा एक मास्तर