चाहत्याच्या निस्तार हक्काबाबत खुले पत्र

प्रति,
चित्रकथांचे समस्त निष्ठावंत चाहते
(पत्ता: जुन्या अंकांची ट्रंक जिथे असेल तिथे)

विषय: आवडत्या पात्राच्या खसऱ्यात चाहत्याचे नाव चढवण्याच्या अर्जाबाबत
स्थळ: बालाघाट, मध्य प्रदेश

चित्रकथेतले पात्र नेमके कोणाचे, हा तंटा शेताच्या बांधावरच्या तंट्यासारखाच चालतो: आवाज मोठे, कागद थोडे. चाहत्याचा अर्ज साधारणपणे असा असतो. अर्जदार चौथीत असल्यापासून सदर पात्राचे वाचन करीत आला आहे. खाऊचे पैसे त्याने त्यावर घातले आहेत. वार्षिक परीक्षेच्या आदल्या रात्री पांघरुणात बॅटरी धरून मार खाल्ला आहे. सबब हल्ली जो कोणी चित्रकार या पात्राला मनाला येईल तसे वळण देतो आहे, आणि वर वाचकांनाच चार शब्द सुनावतो आहे, त्याला मज्जाव करावा आणि मालकाच्या रकान्यात अर्जदाराचे नाव चढवावे.

पुरावा म्हणून एक अंक जोडलेला असतो. बालाघाटच्या अर्जाला तो बहुधा वेताळाचा असतो, गोंदियाहून छोट्या लाईनच्या गाडीने आलेला. मुखपृष्ठ सुईदोऱ्याने टाचलेले, फाटक्या कोपऱ्याला वहीच्या कागदाचे ठिगळ, आणि पहिल्या पानावर चुलत भावाचे नाव गिरवून गिरवून खोडून त्याखाली अर्जदाराचे. मालकीचा पहिला वाद घरातच निकाली निघाला होता. कोणत्या मार्गाने, हे अर्जात नमूद नाही.

या भागाला जमिनीची भाषा चटकन कळते, म्हणून तिच्यातच सांगणे सोयीचे. जुन्या मध्य प्रांतातल्या गावात तीन प्रकारची माणसे असत. मालगुजार हा गावाचा मालक. सारा तो गोळा करी, सरकारला भरी आणि उरलेले ठेवी. नांगर धरणारा दुसराच. आणि तिसरे म्हणजे सगळे गाव, ज्याच्या नावावर बऱ्याचदा वावभर जमीन नसे, पण निस्ताराचा हक्क असे: जळणाला काडी आणावी, गुरे चारावीत, तलावावर पाणी भरावे, वहिवाटीच्या वाटेने जावे. गावाच्या अशा चालीरीती ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाच्या दस्तात लिहिलेल्या असत. राजधानी नागपूर असताना झालेल्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली. १९५६ मध्ये बालाघाट मध्य प्रदेशात राहिले आणि शेजारचे भंडारा मुंबई राज्यात गेले. निस्तार मात्र टिकला. मध्य प्रदेशच्या १९५९ च्या भू-राजस्व संहितेत निस्तार पत्रकाला कलम २३४ आहे आणि वाजिब-उल-अर्जाला २४२.

अर्जाची छाननी याच तीन रकान्यांत करता येते.

पहिला रकाना मालगुजाराचा. चाहता आणि चित्रकार ज्या वावरावरून भांडतात, त्याच्या खसऱ्यात, म्हणजे जमिनीच्या नोंदवहीत, पुष्कळदा दोघांचेही नाव नसते. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी सुपरमॅन निर्माण केला आणि १९३८ मध्ये १३० डॉलरला प्रकाशकाला लिहून दिला. प्रकाशकाने त्यावर इमले चढवले. निर्मात्यांना वर्षाला २०,००० डॉलरचे निवृत्तिवेतन मिळायला १९७५ साल उजाडावे लागले, तेही व्यंगचित्रकारांनी जाहीर बोभाटा केल्यावर. भारतात १९५७ चा कॉपीराइट कायदा निर्मात्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत हक्क राखतो, आणि हक्क विकल्यावरही कलाकृतीची मोडतोड झाली तर हरकत घेण्याची मुभा कलम ५७ ने निर्मात्याला ठेवली आहे. चाहत्याच्या बालपणाचा उल्लेख या कायद्यात कुठेही नाही. तो राहून गेला असावा, असे मानायला जागा आहे.

दुसरा रकाना नांगर धरणाऱ्याचा, आणि खरी ठिणगी पडते ती इथे. जॉन बर्न हे त्याचे ठळक उदाहरण. १९५० मध्ये इंग्लंडात जन्मलेला आणि कॅनडात वाढलेला हा चित्रकार ‘एक्स-मेन’मुळे नावारूपाला आला, हात जितका सफाईदार, जीभ तितकीच रोखठोक, अशी त्याची ख्याती झाली. १९८६ मध्ये त्याच्याकडे सुपरमॅनचे वावर नव्याने नांगरायला दिले गेले. सहा अंकांच्या मालिकेत त्याने जुने बरेच बांध मोडले. सुपरमॅन लहानपणी ‘सुपरबॉय’ होता, हा १९४५ पासून चालत आलेला इतिहास त्याने पुसून टाकला. जे वारले असे वाचक धरून चालत होते, ते पाळणारे आईवडील त्याच्या कथेत मोठ्या सुपरमॅनला खेड्यात जेवू घालू लागले. वाचकांचे दोन तट पडले. एकाला वाटले, पात्राला पुन्हा श्वास मिळाला. दुसऱ्याला वाटले, आपल्या घरात शिरून कोणी आपल्याच लहानपणीचे फोटो फाडले.

दुसऱ्या तटाची वेदना खोटी नव्हती, पण तिचे कागद तपासले तर गंमत दिसते. तक्रार ‘मूळ’ सुपरमॅन बिघडवल्याची होती, आणि १९३८ चा अगदी मूळ सुपरमॅन उडतच नव्हता. तो लांब उड्या मारायचा. उडणे मागाहून आले, सुपरबॉय मागाहून आला. चाहता ज्याला मूळ म्हणतो ते बहुधा त्याच्या वयाच्या दहाव्या वर्षी बाजारात असलेले रूप असते.

बालाघाटच्या अर्जालाही हाच नियम लागू. इंद्रजाल कॉमिक्स टाइम्स ऑफ इंडियाच्या समूहाने १९६४ मध्ये सुरू केले आणि १९९० मध्ये गुंडाळले. ली फॉकचा फँटम मराठीत वेताळ झाला. मूळ कथेतल्या देशाचे नाव बंगालच्या फार जवळ जात होते, म्हणून भारतीय आवृत्तीत ‘डेंकाली’ ठेवले गेले. वेताळाच्या पिढीजात शत्रूंच्या, म्हणजे चाच्यांच्या नावातला ‘सिंग’सुद्धा बदलून ‘सिंगा’ करण्यात आला. पात्रात काडीचाही फेरफार नको असे शपथेवर सांगणारा अर्जदार ज्या डेंकालीत लहानाचा मोठा झाला, ती डेंकालीच भारतीय संपादकांनी केलेला एक फेरफार होती. तिच्याविरुद्ध त्याची हरकत आलेली नाही.

बर्नने पुढे या सगळ्या भांडणाचाच विनोद केला. १९८९ मध्ये त्याने काढलेल्या ‘शी-हल्क’ या मालिकेतली नायिका चौकटीबाहेर पाहून थेट वाचकाशी बोलते, आणि पहिल्याच मुखपृष्ठावर दम भरते की हा अंक घेतला नाही तर घरी येऊन एक्स-मेनचे अंक फाडीन. ज्याची ट्रंक जिवापाड जपलेली आहे त्याला यापेक्षा भयंकर धमकी नाही, हे निर्माता पुरते ओळखून होता. चाहत्याला दुखवायचे कुठे, हे चाहत्याइतकेच त्यालाही ठाऊक असते, कारण बहुतेक चित्रकार आधी चाहतेच असतात. स्वतः बर्नही जुन्या अंकांवर पोसलेला वाचक होता.

चाहत्याला एकदा तरी मालक करून बघा, ही मागणीही मान्य झालेली आहे. १९८८ मध्ये बॅटमॅनच्या प्रकाशकांनी नव्या रॉबिनचे, म्हणजे जेसन टॉड या पोराचे, जगणेमरणे वाचकांच्या हाती दिले. दोन दूरध्वनी क्रमांक जाहीर झाले, एक जगवण्याचा, एक मारण्याचा. एका फोनला ५० सेंट. पोराला जगवा म्हणणारे फोन ५,२७१ आले आणि मारा म्हणणारे ५,३४३. बहात्तर फोनांच्या फरकाने पोरगे गेले. ग्रामसभेत हात वर करून एखाद्या घरातला मुलगा संपवावा आणि प्रत्येक हातामागे सरपंचाने आठ आणे घ्यावेत, असा हा प्रकार. त्यानंतर हळहळही चाहत्यांनीच केली. पुढे प्रकाशकाने त्या पोराला कबरीतून परत आणले, तेव्हा मेलेल्याला उठवले म्हणून तक्रारी आल्या. त्यावर स्वतंत्र पत्र लागेल.

मराठी मुलखात गोष्ट उलट्या बाजूने घडली. इथे चाहत्याला नांगर मागावा लागला नाही. व्यंगचित्रकारानेच तो त्याच्या हाती दिला. फ्री प्रेस जर्नल सोडून बाळ ठाकरे यांनी १३ ऑगस्ट १९६० रोजी ‘मार्मिक’ सुरू केले. त्यात मुंबईच्या कंपन्यांमधल्या अमराठी अधिकाऱ्यांच्या याद्या छापणाऱ्या सदराचे नाव आधी ‘वाचा आणि थंड बसा’ होते, मग ‘वाचा आणि उठा’ झाले. वाचक उठला. १९ जून १९६६ रोजी शिवसेना स्थापन झाली. व्यंगचित्राच्या वाचकांचे रूपांतर इतक्या सरळ रेषेत पक्षात झाल्याचे दुसरे उदाहरण सापडणे कठीण आहे.

शिवसेनेला पन्नास वर्षे भरली त्याच वर्षी, सप्टेंबर २०१६ मध्ये, ठाकरे यांनीच स्थापन केलेल्या ‘सामना’च्या पुरवणीत श्रीनिवास प्रभुदेसाई यांचे एक व्यंगचित्र आले. कोपर्डीत एका अल्पवयीन मुलीवर झालेल्या अत्याचार आणि खुनाच्या घटनेनंतर महाराष्ट्रभर निघत असलेल्या मराठा मूक मोर्चांवर ते होते, आणि कोटी होती ‘मुका मोर्चा’. इथे मराठी व्याकरणाचा बारकावा ध्यानात घ्यावा लागतो. ‘मूक’ला काना जोडला, ऊकार ऱ्हस्व केला की ‘मुका’ होतो. मुका म्हणजे न बोलणारा, आणि मुका म्हणजे चुंबनही. कागदावर हा एका कान्याचा खेळ. मोर्चात पुढे चालणाऱ्या मुलींच्या घरी तो खेळ राहिला नाही. नवी मुंबईत वृत्तपत्राच्या कार्यालयावर दगड पडले. व्यंगचित्रकाराने माफी मागितली, मागोमाग पक्षप्रमुख उद्धव ठाकरे यांनीही. शब्दांची ताकद दाखवण्यासाठी ज्या घराण्याने वाचकाला उठायला सांगितले होते, त्याच घराण्याच्या दाराशी वाचक उठून आला, ही त्यातली खोच आहे. आणि कोटी जुळली एवढ्यावर ती छापायची नसते, ही दुसरी.

दगडाला तर निर्माता समोर असावा लागतोच असेही नाही. व्यंगचित्रकार शंकर यांनी १९४९ मध्ये संविधान सभेच्या कूर्मगतीवर काढलेले, गोगलगायीवर बसलेले आंबेडकर आणि मागे नेहरू असे व्यंगचित्र अकरावीच्या पाठ्यपुस्तकात होते. मे २०१२ मध्ये त्यावरून संसदेत गदारोळ झाला. शंकर १९८९ मध्येच वारले होते. मग पुणे विद्यापीठात सुहास पळशीकर यांच्या कार्यालयाची मोडतोड झाली, कारण पाठ्यपुस्तकाचे ते सल्लागार होते आणि हाताशी होते. त्यांनी आणि योगेंद्र यादव यांनी सल्लागारपद सोडले.

या सगळ्यापासून अंतर राखायचे एक तंत्र मराठीत शि. द. फडणीस यांनी सिद्ध केले. त्यांच्या हास्यचित्रांत शब्दच नसतात, त्यामुळे कान्यामात्रेचा घात संभवत नाही. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांच्या १९९१ पासूनच्या ‘चिंटू’ने दुसरे तंत्र वापरले: पोराला मोठाच होऊ दिले नाही. मोठा झाला की त्याला मते येतात.

तिसरा रकाना राहिला, निस्ताराचा, आणि अर्ज मंजूर होण्यासारखा आहे तो फक्त इथे. चाहत्याने वहिवाटीच्या वाटेने यावे. तलावाचे पाणी भरावे, जळणाला काडी न्यावी, म्हणजे पात्राची नक्कल वहीत काढावी, त्याच्यावर मित्रांत तासन्‌तास वाद घालावेत, नवा भाग भिकार आहे असे उघड म्हणावे, अंक घ्यायचा बंद करावा. हे सगळे वाजिब-उल-अर्जात बसते. नांगराला हात लावणे बसत नाही, आणि नांगरधाऱ्याच्या घरावर दगड तर नाहीच. या पत्राची एक प्रत माहितीसाठी चित्रकारालाही जात आहे. त्याच्यासाठी एवढेच की पाणी भरायला आलेल्या बाईला तलावावर उभे करून तिच्या अकलेचा उद्धार करणे, हेही निस्ताराच्या आड येते. शिवाय तलाव मालगुजाराचा आहे, त्याचा नाही.

सबब मालकीच्या नोंदीचा अर्ज नामंजूर करण्यात येत असून निस्ताराची नोंद कायम ठेवण्यात येत आहे. कोणाची हरकत असल्यास ती पंधरा दिवसांत लेखी द्यावी. सोबत पुराव्याचे अंक मूळ प्रतीत जोडावेत; छायाप्रती चालणार नाहीत आणि जमा झालेले अंक परत मिळणार नाहीत. चुलत भावाचे नाव खोडलेले असल्यास त्याचे संमतिपत्रही लागेल.