चित्राची पाठ दाखवणारे गृहस्थ

मेलबर्नच्या बड्या वस्त्यांत असा एक तरी गृहस्थ सापडतोच. दातांचा दवाखाना मुलाच्या हवाली केलेला, गुडघे कुरकुरणारे आणि दिवाणखान्याच्या भिंतीवर मध्य ऑस्ट्रेलियाचं वाळवंट. पाहुण्याच्या हाती वाइनचा ग्लास देऊन ते त्याला चित्रापुढे नेतात. तो ठिपक्यांत रमू लागतो न लागतो तोच फ्रेम खाली उतरवून उलटी करतात. "हे बघा!" मागे आर्ट सेंटरचा शिक्का, कॅटलॉग नंबर, चित्रकर्तीचं नाव, मापं. लेकीची पत्रिका वरपक्षापुढे ठेवणाऱ्या बापाचा तो चेहरा! मुलगी दिसते कशी, हा प्रश्न पुढचा.

तसं त्यांचंही चुकत नाही म्हणा. आदिवासी वस्त्यांतून पडेल भावात चित्रं उचलणारे दलाल तिकडे 'कार्पेटबॅगर' म्हणून बदनाम आहेत. चित्रकारांच्या स्वतःच्या संस्थेतून घेतलेलं बरं. १९७१ साली पापुन्या या आदिवासी वस्तीतल्या शाळेच्या भिंतीवर वडीलधाऱ्यांनी मधमुंग्यांचं चित्र कसं काढलं, जेफ्री बार्डन हा शिक्षक त्यांच्या पाठीशी कसा उभा राहिला आणि दुसऱ्याच वर्षी 'पापुन्या टुला' ही चित्रकारांची कंपनी कशी निघाली, हे ते न चुकता ऐकवतात. आवाज असा, की रंगाचा डबा यांनीच धरला असावा.

त्यांना घाम फुटतो तो चित्र परत टांगताना. ही चित्रं बहुधा जमिनीवर बसून, चहूबाजूंनी रंगवलेली. वरून पाहिलेला मुलूखच तो. मग वरची बाजू कुठली? पाहुण्यानं मान वाकडी केली की हे अस्वस्थ होतात. चित्रातली गोष्ट विचारली, तर मात्र खुलतात. जमातीबाहेर सांगायची ती वरवरची गोष्ट सर्टिफिकेटवर चार ओळींत असते. आतली बाहेरच्यांसाठी नसतेच. ती नियमानं यांनाही ठाऊक नाही. पण "ते गुपित आहे" असं काही दबल्या आवाजात म्हणतात, की समोरच्याला वाटावं, यांना दीक्षा मिळाली आहे.

क्लिफर्ड पॉसम जापाल्जारीच्या 'वार्लुगुलाँग'ची कथा सांगताना त्यांचा गळा दाटतो. १९७७ साली बाराशे डॉलरला गेलेलं ते भलंमोठं चित्र बँकेच्या कँटीनमध्ये लटकत होतं. २००७ साली नॅशनल गॅलरीनं ते २४ लाख डॉलरला घेतलं. चित्रकार तोवर पाच वर्षांपूर्वीच वारलेला. "केवढा अन्याय!" म्हणत ते दुसरा ग्लास भरतात.

२०१० पासून यावर कायदा आहे: हजार डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीला चित्र बाजारात पुन्हा विकलं, तर पाच टक्के चित्रकाराला, त्याच्या मागे वारसांना. मध्यंतरी आपलंच एक चित्र लिलावाला काढताना ही ओळ त्यांच्या वाचनात आली आणि सरकार फार माजलंय, असं त्यांचं मत झालं. हे पाच टक्के घेणाऱ्याच्या बिलात घालता येतात का, अशी त्यांनी लिलाववाल्याकडे चौकशी केली. येतात, असं कळल्यावर कायदा त्यांना पुन्हा न्याय्य वाटू लागला.