बिब्ब्याला तीळ

माझ्या डाव्या गालावर एक तीळ होता. चाळीस-पंचेचाळीस वर्षं तो आणि मी एकमेकांच्या वाटेला गेलो नाही. दाढी करताना वस्तऱ्याने वळसा घालायची जागा, एवढीच त्याची दखल. मग मुलीच्या साखरपुड्याचे फोटो आले आणि फोटोग्राफर मोठ्या उत्साहाने म्हणाला, "सर, तो काळा ठिपका मी उडवलाय." फोटोतला मी कापडाच्या दुकानातल्या पुतळ्यासारखा गुळगुळीत दिसत होतो. बायकोला तो पुतळा फार आवडला. "लग्नापर्यंत खरंच जाईल का हो?" तिने विचारलं.

मी राहतो डहाणूला आणि विज्ञान शिकवतो तलासरीजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत. आमच्या शिक्षकांच्या खोलीत भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा लावायची गरज नाही, तो खुर्च्यांवरच बसलेला असतो. एक सर बीडचे, एक वेंगुर्ल्याचे, मॅडम सोलापूरच्या. बदलीचा विषय सोडला तर या नकाशाचं कशावरही एकमत होत नाही. मी तिळाचा विषय काढला मात्र, मधली सुट्टी पुरेना. वेंगुर्ल्याचे सर म्हणाले, काजूच्या टरफलाचं तेल. मॅडम म्हणाल्या, चुना आणि धुण्याचा सोडा कालवून लावा. बीडचे सर शांतपणे म्हणाले, "बिब्बा." घरी परतलो तर शेजाऱ्यांनी घोड्याच्या शेपटीचा केस बांधायला सांगितलं. तो उपाय चामखिळीचा, माझा तीळ तर सपाट, केस बांधायचा कशाला, असं विचारलं तर म्हणाले, "आधी केस तर आणा." (घोड्याच्या लिदीत धनुर्वाताचे जंतू सुखाने नांदतात, हे मी दरवर्षी शिकवतो. शेजाऱ्यांना शिकवायचं धाडस झालं नाही.)

या सगळ्या उपायांना साक्षीदार एकच असतो: "आमच्याकडे एकाचा गेला." या एकाला नाव नसतं, गाव नसतं, आणि तो गाल दाखवायला कधीच येत नाही.

चुना-सोड्याला मी ठाम नकार दिला. चुन्याच्या निवळीत धुण्याचा सोडा पडला की खाली खडू बसतो आणि वर उरतो तो कॉस्टिक सोडा, म्हणजे तुंबलेली मोरी मोकळी करायचं औषध. आम्लाने भाजलं तर कातडीवर निदान खपली धरते आणि ती पुढची वाट थोडी अडवते. आम्लारीचं तसं नाही. ते कातडीतली चरबी आणि प्रथिनं विरघळवत खाली उतरत राहतं; तीळ कुठे संपला आणि गाल कुठे सुरू झाला, याची चौकशी करत नाही. हे सगळं मी फळ्यावर लिहून दाखवलं. मॅडम म्हणाल्या, "पण तीळ जातो की नाही?" जातो. गालासकट.

इतकं शहाणपण दाखवून मी घोलवडच्या एका वाडीवाल्या मित्राकडे गेलो आणि कच्च्या चिकूचा चीक गालाला लावून आलो. घोलवडच्या चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच्या चिकालाही काही मानांकन असेल, अशी माझी समजूत. मध्य अमेरिकेत याच झाडाचा चीक आटवून पूर्वी च्युइंगम करत. म्हणजे मी गालावर कच्चं च्युइंगम थापलं होतं. तिळाला त्याचं काहीच वाटलं नाही. रुमाल मात्र चिकटला, तो खोबरेल लावून सोडवावा लागला.

उरला बिब्बा. शास्त्र शिकवणारा माणूस दिव्यावर बिब्बा गरम करून सुईच्या टोकाने गालावर थेंब ठेवतो, तेव्हा तो नेमका काय विचार करत असतो, हे मला अजून सांगता येत नाही. बहुधा त्या बेनाव 'एका'चा. पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी खाज. तिसऱ्या दिवशी बिब्बा उतला. गाल सुजला, पाणी भरलेले फोड आले, आणि तोच हात डोळ्याला लागल्यामुळे पापणीही वर्गणी द्यायला आली. परीट बिब्ब्याने कपड्यांवर खुणा करत, त्या भट्टीतही निघत नसत. मी आता कुठल्या तरी परटाघरचं धोतर झालो होतो. लग्नाला पंधरा दिवस उरले होते. कामात बिब्बा घालणं हा वाक्प्रचार मी मुलांना अनेकदा वाक्यात उपयोग करायला दिला आहे. इतकं नेमकं वाक्य एकाही वहीत आलं नव्हतं.

समोरच्या आजींनी गाल पाहिला आणि विचारलं, "घरात तीळ आहेत का?" मला वाटलं, चेष्टा करताहेत. पण जुन्या बायकांकडे बिब्ब्यावर उतारा म्हणून तीळ आणि खोबरंच असतं: वाटून लावायचं आणि चावून खायचं. तीळ घालवायला बिब्बा आणि बिब्बा घालवायला तीळ. मी मुकाट्याने मूठभर तीळ चावत त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी विचारलं, "तीळ कुठाय?"

"जाळला."

"मग मी काय बघू?"

मलम लिहून देता देता ते बोलत राहिले. तीळ काढायला त्यांना दहा-पंधरा मिनिटं लागतात. पण खरं काम पुढचं: शंका असेल तर तो तुकडा बाटलीत घालून तपासायला पाठवायचा. मी साक्षीदारच जाळून आलो होतो. वर बुडाशी काही पेशी उरल्या असतील तर रंग पुन्हा उगवेल, तोही वेडावाकडा, आणि तेव्हा तुकडा तपासणाराही बुचकळ्यात पडेल. तिळाचा एक अर्धा दुसऱ्यासारखा नसेल, कडा फाटक्या असतील, रंग दोन-तीन असतील, पेन्सिलीच्या मागच्या रबराहून तो मोठा असेल, आणि मुख्य म्हणजे बदलत असेल, तर कर्करोगाच्या शंकेने धावत यायचं. आपल्याकडे हा कर्करोग कमी. होतो तेव्हा पुष्कळदा तळपायाला, तळहाताला, नखाखाली होतो, जिथे कुणी बघत नाही. गायक बॉब मार्लेच्या पायाच्या अंगठ्याची जखमही फुटबॉलची म्हणून आधी सोडून दिली होती. निदान झालं 1977 साली. 1981 मध्ये, छत्तिसाव्या वर्षी, तो गेला.

त्या रात्री आम्ही दोघांनी एकमेकांचे तळपाय बॅटरीने तपासले. सव्वीस वर्षांच्या संसारात मी बायकोचे तळपाय पहिल्यांदा पाहिले. तिच्या उजव्या टाचेवर भेगा आहेत. मला माहीत नव्हतं.

शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी वारली समाजातल्या आहेत. त्यांच्या हातभर गोंदण आहे. मेल्यावर सोबत तेवढंच येतं, असं त्या मानतात. माझा गाल पाहून त्या बराच वेळ डाळ ढवळत राहिल्या. मग म्हणाल्या, महालक्ष्मीच्या जत्रेत आम्ही पैसे देऊन, सुया टोचून ठिपके काढून घेतो. गुरुजी, तुम्हाला तर फुकट मिळाला होता.

लग्न पार पडलं. फोटोग्राफरने या वेळी डाग उडवला. गेल्या महिन्यात सेवापुस्तक पडताळणीला गेलं. पहिल्या पानावर, मी नोकरीला लागलो तेव्हाच्या निळ्या शाईत, शरीरावरील ओळखीच्या खुणेपुढे लिहिलं होतं: डाव्या गालावर तीळ. लिपिकाने पान पाहिलं, मग गाल पाहिला, मग पुन्हा पान.

"गुरुजी, जुळत नाही."

मी घडलेलं सगळं सांगितलं. त्याने टोपण उघडलं, थोडा विचार केला आणि विचारलं, "बिब्ब्याने जातो का हो खरंच? माझ्या मानेवर एक आहे."