साडेसात लिटर

पाळण्यातलं बाळ पाहिलं की माणसं साधारण दोनच गोष्टी बोलतात. नाक कुणावर गेलंय आणि रंग कुणावर. शेजारच्या बारशाला मिलिमीटर पाळण्याजवळ गेला, कंबरेत वाकला, बराच वेळ बाळाकडे टक लावून पाहत राहिला आणि म्हणाला, “वजन किती?”

“साडेतीन किलो,” बाळाची आजी कौतुकानं म्हणाली.

“म्हणजे साडेतीन लिटर,” मिलिमीटर पुटपुटला. “साडेतीन लिटरमध्ये सगळं बसवलंय. आणि पंख्याचा आवाजसुद्धा नाही!”

तेवढ्यात बाळानं भोकाड पसरलं, म्हणून बरं. नाहीतर तो त्याला उलटं करून हवा कुठून जाते ते बघणार होता.

मिलिमीटर हे त्याचं खरं नाव नव्हे, पण आमच्या कोथरूडच्या सोसायटीत खरं नाव आता फक्त लाइटबिलावर उरलंय. नोकरी चाकणला, गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात, ड्रॉइंग विभागात. अंगानं सहा फूट उंच आणि आडवाही बेताचा नाही. सोफ्यावर बसला की शेजारी दुसरा माणूस बसत नाही. गाडीची डिकी उघडली की आधी छत्र्या बाहेर पडतात. असा हा ऐसपैस माणूस गेली चार वर्षं एकच ध्यास घेऊन बसलाय. गेम खेळण्याचा दणकट कॉम्प्युटर जगातल्या सर्वांत लहान पेटीत बसवायचा, आणि ती पेटी स्वतः बनवायची.

“पण लहान कशाला?” असं मी एकदा विचारलं होतं. देवळात जाऊन देव कशाला असं विचारल्यावर पुजारी जसा बघेल, तसं त्यानं माझ्याकडे बघितलं. मग मला खुर्चीत बसवलं आणि समजावलं.

मिनी आयटीएक्स नावाचा मदरबोर्ड १७० मिलिमीटर लांब आणि तेवढाच रुंद. तैवानच्या व्हिया कंपनीनं तो २००१ मध्ये आणला. चौकोनी फुलकाच म्हणा ना. साधा पॉवर सप्लाय दीड-पावणेदोन लिटर जागा खातो, पण एसएफएक्स जातीचा घेतला तर १२५ बाय १०० बाय ६३.५, म्हणजे पाऊण लिटरच्या जरा वर. ग्राफिक्स कार्ड त्याच्याकडचं होतं ते लिटरभराचं. प्रोसेसरवरचा थंडावा देणारा पंखा बुटका, ३७ मिलिमीटरचा. फुलका आणि पंखा मिळून सव्वा लिटर.

“झाले किती?”

“तीन-सव्वातीन.”

“आणि बाजारातला टॉवर किती लिटरचा असतो? चाळीस! पन्नास! सव्वातीन लिटरच्या मालाला पन्नास लिटरचा डबा! म्हणजे दोन माणसांना मंगल कार्यालय!”

“मग तुझा डबा सव्वातीनचा होणार?”

“साडेसात.”

“मधले सव्वाचार कुठे गेले?”

तो गंभीर झाला. “कार्पेट आणि सुपर बिल्टअप,” म्हणाला. पुण्यात फ्लॅट घेतलेल्या माणसाला यापुढे काही सांगावं लागत नाही. ते सव्वाचार लिटर हवेचे आणि वायरींचे.

त्याच्या देव्हाऱ्यात दोन दैवतं आहेत. पहिलं एनकेस एम१, २०१३ चं, साडेबारा लिटरच्या आसपास. दुसरं डॅन ए४, २०१६ चं, ७.२ लिटर. दोन्हींचा जन्म हौशी माणसांच्या डोक्यातला. लोकांकडून आगाऊ पैसे जमवले आणि तैवानच्या लिआन ली कारखान्यात पेट्या बनवून घेतल्या. डॅनचा कर्ता जर्मनीतला. मदरबोर्ड आणि कार्ड एकमेकांना पाठ लावून उभे, मध्ये एक पत्रा, आणि दोघांना जोडणारी एक लवचिक चपटी पट्टी. या मांडणीला सँडविच म्हणतात. वहिनींना हे ऐकून पहिल्यांदा आनंद झाला होता. त्यांना वाटलं, नवरा स्वयंपाकघरात येतोय.

मिलिमीटरच्या पेटीची लांबी ३२५, उंची २०५, रुंदी ११२. गुणाकार ७.४६ लिटर. “डॅनपेक्षा पाव लिटरनं मागे आहे,” तो खेदानं सांगतो, “पण मी पाय धरून सांगतोय. काही लोक पेटीचे पाय न धरता लिटर सांगतात. बिल्डरची जात!”

पहिलं वर्ष पुठ्ठ्याचं गेलं. लग्नपत्रिकांचे खोके, मिठाईचे खोके, चपलांचे खोके, जे हाताला लागेल ते कापून त्यानं नमुने केले. प्रत्येकावर नंबर. एक ते सव्वीस. एक नमुना दुसऱ्यापेक्षा दोन मिलिमीटरनं लहान असे, आणि जुना फेकायचा नसे, कारण “संदर्भ लागतो.” आधी ते कपाटावर गेले, मग पलंगाखाली, मग गॅलरीत. पाहुण्यांची खोली गेली. टेबलावरचे चाळीस लिटर वाचवायला या माणसानं घरातले चार हजार लिटर भरून टाकले. कॉम्प्युटर कायम उघडा, पोटातली आतडी टेबलावर काढलेली, त्यामुळे दहा वर्षांच्या चिरंजीवांना खेळायला मिळेना. बिचारा आजीबरोबर कॅरम खेळून अख्ख्या सोसायटीचा चॅम्पियन झाला.

काकू, म्हणजे मिलिमीटरच्या आई, मूळच्या निफाडकडच्या. त्यांनी एकदाच विचारलं, “किती लिटरचं म्हणालास?”

“साडेसात.”

“साडेसातीच ती,” म्हणाल्या आणि राणी घेतली.

पत्र्याच्या कामासाठी तो भोसरीला एका वर्कशॉपमध्ये गेला, तेव्हा मी सोबत होतो. तिथले कारागीर विजेचे पॅनल बॉक्स बनवण्यात पन्नाशीला आलेले. ड्रॉइंग हातात धरून त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

“साहेब, ह्यात फ्यूज किती बसणार?”

“कॉम्प्युटर बसणार.”

“अख्खा?” त्यांनी आमच्याकडे आळीपाळीनं पाहिलं. “मग एवढं तंग कशाला? दोन सूत वाढवा की चहूबाजूनं. हात तरी जाईल आत. पैसे तेवढेच घेईन.”

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरच्या जरा वर. मिलिमीटरच्या चेहऱ्यावर एक कळ येऊन गेली. ज्या माणसानं अर्ध्या मिलिमीटरसाठी रविवार जाळले, त्याला समोरचा फुकटात दोन सूत देऊ करत होता. “शून्य पॉइंट तीनच्या वर फरक नको,” तो कसाबसा म्हणाला.

“शून्य पॉइंट तीन,” कारागिरांनी मान डोलावली. “म्हणजे केसानं गळा कापायचा.”

आठ दिवसांनी पेटी तयार झाली. लेझरनं कापलेली, कडांची बर काढलेली, कोपरे काटकोनात. मिलिमीटरनं व्हर्नियर लावला. सगळं बरोबर. मग मदरबोर्ड आत धरला आणि तो मटकन खाली बसला. पेटी उलटी होती. आरशात दिसावी तशी. मागची बाजू पुढे, डावी उजवीकडे, सगळ्या घड्या विरुद्ध अंगाला.

चूक कुणाची यावर वर्कशॉपमध्ये अर्धा तास चहा झाला. आपल्याकडे ड्रॉइंग पहिल्या कोनातलं काढतात आणि अमेरिकेत तिसऱ्या कोनातलं. म्हणजे उजवीकडून दिसणारं चित्र आपण डावीकडे मांडतो आणि ते उजवीकडेच मांडतात. मिलिमीटरच्या सॉफ्टवेअरनं अमेरिकन पद्धतीनं काढलं, कारागिरांनी भारतीय डोळ्यांनी वाचलं. दिवसभर कारखान्यात हेच काम करणाऱ्या माणसाकडून घरच्या ड्रॉइंगवर कोनाचं चिन्ह घालायचं राहिलं होतं. तो घरी येईपर्यंत एक अक्षर बोलला नाही. फक्त वाटेत सिग्नलला थांबल्यावर म्हणाला, “अमेरिकेत गाड्यासुद्धा उजवीकडून चालतात. तेव्हाच ओळखायला हवं होतं.”

दुसरी पेटी सुलटी झाली आणि रंगाला गेली. पावडर कोटिंगचा थर ७० मायक्रॉनच्या आसपास बसतो. एक मिलिमीटरचा पत्रा दोन्ही अंगांनी रंगवला की १.१४ होतो. हे त्यानं धरलं होतं आणि खाच १.२ ठेवली होती. फक्त एक विसरला. रंग खाचेच्या आतही बसतो. खाच उरली १.०६. पत्रा आत जाईना. साखरपुड्याच्या मापाची शेरवानी लग्नात घालताना नवरदेवाचं होतं, तसं झालं. पुढचे दोन रविवार मिलिमीटर गॅलरीत बसून पॉलिश पेपरनं खाच घासत होता, आणि खाली कुणी विचारलं की वहिनी सांगायच्या, “हो, आहेत घरी. पुण्य घासतायत.”

दसऱ्याला उद्घाटन ठरलं. आम्ही दहा-बारा जण जमलो. आपट्याची पानं झाली, पेटीला झेंडूची माळ घालायची होती, पण “हवेचा मार्ग अडतो” म्हणून ती मॉनिटरला घातली. चिरंजीवांनी बटण दाबलं. आत पंखा फिरला, दिवा लागला आणि पडदा काळाच्या काळा.

नंतर कळलं ते असं. ती जोडणारी चपटी पट्टी तिसऱ्या पिढीची आणि कार्ड चौथ्या पिढीचं. कार्ड आपल्या वेगानं बोलत होतं, पट्टीला तो वेग झेपत नव्हता, मध्येच शब्द गळत होते. मॉनिटरची वायर काढून मदरबोर्डवर लावायची, सेटिंगमध्ये जाऊन कार्डाला तिसऱ्या पिढीच्या चालीनं चालायला सांगायचं, की झालं. काकू सगळं लक्ष देऊन ऐकत होत्या. नातवाकडे बघून म्हणाल्या, “आमच्याही घरी तेच आहे. मी सांगितलेलं ह्याच्यापर्यंत पोचतच नाही.”

कॉम्प्युटर सुरू झाला. चिरंजीवांनी गेम लावला. पडद्यावर एक सैनिक पळतोय, गोळ्या सुटतायत, इमारती कोसळतायत, आणि मिलिमीटर पडद्याच्या डाव्या कोपऱ्यातल्या तापमानाच्या इवल्याशा आकड्याकडे डोळे लावून बसलेला. सैनिक मेला. “७९!” मिलिमीटर आनंदानं ओरडला. आजतागायत त्यानं एकही गेम स्वतः खेळलेला नाही. त्याच्यासाठी सगळा खेळ त्या आकड्याचा.

मध्यंतरी घरात सुतकही येऊन गेलं. २०२२ च्या शेवटी एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०९० आलं. लांबी ३०४ मिलिमीटर, जाडी ६१, वीज ४५० वॉट. पाटा-वरवंट्यातला पाटाच. मिलिमीटरच्या पेटीत ४० मिलिमीटरच्या वर जाडी जात नाही. दोन दिवस तो नीट जेवला नाही. पुढे २०२५ च्या जानेवारीत ५०९० जाहीर झालं आणि कंपनीचं स्वतःचं कार्ड परत दोन स्लॉटांत आलं. त्या दिवशी त्यानं सोसायटीत पेढे वाटले. मग वीज ५७५ वॉट आणि किंमत दोन लाखांच्या वर हे वाचलं आणि उरलेला पुडा गुपचूप फ्रिजमध्ये ठेवला.

मग एप्रिल आला. जर्मनीत खोलीत वीस अंश असतात, कोथरूडला दुपारी पंख्याखाली पस्तीस. पेटी कितीही हुशार असली तरी आत येणारी हवाच गरम, वरचे पंधरा अंश सरळ हिशेबात चढतात. आकडा ९१ वर गेला. पंखा मिक्सरसारखा ओरडू लागला. मिलिमीटरनं भोकं वाढवली, वायरी आखूड केल्या, पंखा उलटा लावून पाहिला, सुलटा लावून पाहिला. ९१.

अशाच एका दुपारी तो पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला, आणि तिथून आलेली हाक ऐकून मीही धावलो. ओट्याखाली पेटी होती. ती आरशातली, उलटी पेटी. काकूंनी तिच्यात उन्हाळी कांदे भरले होते.

“आई! ही पेटी माझी आहे!”

“मग? चार किलो कांदे बसले. आणि सगळीकडून भोकं, हवा खेळती राहते. हेच एक कामाचं बनवलंस बघ.”

मिलिमीटर रागानं वाकला आणि तसाच थांबला. पेटी जमिनीवर टेकलेली नव्हती. चारी कोपऱ्यांखाली कॅरमच्या सोंगट्या होत्या. एकावर एक, तीन-तीन.

“ह्या कशाला?”

“तू कांदाचाळ पाहिली नाहीस का रे?” काकू म्हणाल्या. “दर सुट्टीत आजोळी जायचास. चाळ जमिनीपासून उचललेली असते ना? कांद्याची ऊब वर जाते आणि खालून गार वारा शिरतो. बूड टेकवलंस की खालचा थर आधी सडला. तुझ्या त्या डब्याला खाली भोकं ढीगभर पाडलीस, आणि ठेवलास टेबलाला चिकटवून. वारा काय टेबलातून येणार?”

पेटीचे पाय पाच मिलिमीटरचे होते. पाय वाढवले की लिटर वाढतात, म्हणून पाच.

त्यानं काही न बोलता कांद्याखालच्या बारा सोंगट्या काढून घेतल्या, व्हर्नियरनं मोजल्या (तिन्ही मिळून २४ मिलिमीटर) आणि कॉम्प्युटरखाली लावल्या. चिरंजीवांना गेम लावायला सांगितला. दहा मिनिटं गेली, वीस गेली. सैनिक कितीदा मेला याचा हिशेब राहिला नाही. आकडा ८४ वर येऊन थांबला. पंखा गुणगुणण्यावर आला.

मी मनातल्या मनात गुणाकार केला. २०५ मध्ये २४ मिळवले, लांबी-रुंदी तीच. मग जरा मोठ्यानं विचारलं, “मग आता पाय धरून किती? आठ पॉइंट तीन चार ना?”

मिलिमीटरनं एकदा पेटीकडे पाहिलं. मग स्वयंपाकघरात, जिथे काकू उलट्या पेटीखाली दोन विटा सरकवत होत्या, तिकडे.

“डब्याचे पाय कुणी धरत नाही,” तो म्हणाला. “धरायचे ते हिचे.”