खोबरेल तेलाची खिचडी

तारेवर गोधडी टाकत होते, तेवढ्यात भिंतीपलीकडून वहिनींची हाक आली. "ताई, तुम्ही खोबरेल तेल कुठून आणता?"

"केसांना?"

"केसांना कशाला! खिचडीला."

पथाऱ्यांवर मिरची वाळत पडली की नंदुरबारात बोलण्याआधी शिंकावं लागतं. दोघी शिंकलो आणि मग सविस्तर कळलं. वहिनींच्या सासूबाई गॅसवर दूध ठेवतात नि उतू गेलं की वहिनींनाच विचारतात, "दूध कोणी ठेवलं?" पुण्याच्या मुलानं मोबाइलवर व्हिडिओ पाठवला की खोबरेल तेलानं विसराळूपणा जातो. झालं, कालपासून फोडणी खोबरेल तेलाची. घरात कोणी जेवेना. नातू म्हणाला, "खिचडीला अंघोळ घातली का?"

मी म्हटलं, "वहिनी, त्या तेलात दहातले नऊ भाग घट्ट जातीची चरबी. कोलेस्टेरॉल वाढवणारी."

"मग मोहाचं? धडगावच्या मावशी टोळंबीचं तेल आणून देते म्हणाल्या."

"तेही जवळपास निम्मं तसलंच. थंडीत तुपासारखं थिजतं ते उगाच नाही. त्या डोंगरातल्या घरांत ते पिढ्यान्‌पिढ्या खातात, चवीला खुशाल आणा. पण औषध म्हणून नको."

माझी लेक नर्सिंगला आहे. तिनं परवाच वाचून दाखवलं होतं. 2024 साली 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञांनी स्मृतिभ्रंशाची टाळता येण्यासारखी 14 कारणं मांडली, त्यात चाळिशी-पन्नाशीतलं वाईट कोलेस्टेरॉल नव्यानं घातलं. तेच वहिनींना सांगितलं. म्हणजे सासूबाईंच्या ताटात आता काय वाढायचं हा मोठा प्रश्न नाहीच. प्रश्न आपल्या दोघींच्या ताटाचा आहे.

वहिनी जरा गप्प झाल्या. त्यांच्याकडे दर रविवारी शेवभाजी असते आणि तर्री बोटभर. शेवेच्या तळणाचं काळं पडलेलं तेल गाळून पुन्हा कढईत जातं, हे मला वासावरून कळतं. भिंत काही फार उंच नाही.

"डालडा तर आम्ही कधीच सोडला," त्या म्हणाल्या.

"ते बरं केलंत. त्यातल्या ट्रान्स फॅटवर सरकारनंही 2022 पासून दोन टक्क्यांची मर्यादा घातलीय. जपानात म्हाताऱ्यांच्या रक्तात ही चरबी मोजली, तर जास्त असलेल्यांमध्ये स्मृतिभ्रंश जास्त दिसला."

"मग खायचं तरी काय?"

"शेंगदाण्याचं तेल, बेतानं. जवसाची चटणी, भाकरी, मेथी. पण त्यानं डोकं लखलखीत होईल असं मी म्हणणार नाही. अमेरिकेत 604 जणांना तीन वर्षं मेंदूसाठी खास ठरवलेला आहार दिला. दुसऱ्या गटालाही वजन उतरवायला सांगितलं होतं. शेवटी चाचण्यांत दोन्ही गटांत ठळक फरक निघाला नाही. फिनलंडमध्ये मात्र आहाराला व्यायाम, रक्तदाबाची तपासणी नि डोक्याला काम अशी जोड दिली, तिथं थोडा फायदा दिसला."

तेलाचा डबा बदलणं सोपं, म्हणून सगळे तेवढंच करतात. मी धरून.

मग मला आठवलं. "सासूबाईंचं कानाचं यंत्र कुठाय?"

"कपाटात. शिट्टी मारतं म्हणून काढून ठेवलं."

"त्या 14 कारणांत बहिरेपणाचा वाटा कोलेस्टेरॉलइतकाच आहे, सात-सात टक्के. आधी ते दुरुस्त करून आणा."

वहिनी आत गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि "आत्याबाई!" अशी मोठ्ठी हाक.

सोमवारी सकाळी आम्ही दोघी कोलेस्टेरॉल तपासायला रक्त देणार आहोत. रिकाम्या पोटी जायचंय, म्हणून रविवारची शेवभाजी वहिनींनी दुपारीच करायचं ठरवलंय, नव्या तेलात.