कार्बोरेटरची निर्दोष मुक्तता

जुनी फियाट सुरू होईना आणि सेल्फ मारला की बॉनेटखालून ‘फाट्’ असा बार निघू लागला, म्हणजे भोवती जमलेल्यांपैकी एकजण तरी छातीठोकपणे सांगतो, “कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय.” मग कार्बोरेटर उतरतो. वर्तमानपत्रावर त्याचे जेट, फ्लोट, सुई मांडून ठेवतात, पेट्रोलने धुतात, तोंडाने फुंकतात. सगळे जागच्या जागी बसवल्यावर गाडी पहिल्याइतक्याच निष्ठेने बार काढते. माझे म्हणणे असे, की आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत कार्बोरेटरइतका नाहक छळ दुसऱ्या कुठल्या भागाचा होत नसेल. आणि तो बहुतेक वेळा निर्दोष असतो याचा पुरावा खुद्द तो बारच देत असतो.

बार निघायला लागते काय? पेट्रोलची वाफ, हवा आणि ठिणगी. तिन्ही हजर नसतील तर आवाज होणारच नाही. मुकाट बसलेल्या इंजिनाबद्दल हव्या तेवढ्या शंका घ्याव्यात. बार काढणारे इंजिन मात्र टाकीतले पेट्रोल वर चढते आहे, कॉइल जिवंत आहे, एवढे आपण होऊन सांगत असते. तरी त्याच दिवशी नवी कॉइल येते, नवे प्लग येतात, बॅटरीबद्दलही कुजबुज सुरू होते. स्पेअर पार्टवाल्याचा धंदा वाईट चालावा असे कुणीच म्हणणार नाही, पण प्रश्न वस्तूंचा नाही, वेळेचा आहे. फियाटच्या 1089 सीसी इंजिनात ठिणगीचा क्रम 1-3-4-2 असा. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर डेल्कोला, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरला, सेकंदाला 100 ठिणग्या वाटाव्या लागतात. त्याही नेमक्या त्या त्या सिलिंडरला आणि पिस्टन माथ्यावर पोचता पोचता. इनटेक व्हॉल्व्ह उघडा असतानाच ठिणगी पडली, तर पेट्रोल ज्या वाटेने आत आले त्याच वाटेने जाळ मागे फिरतो आणि कार्बोरेटरच्या तोंडातून बाहेर पडतो. म्हणजे कार्बोरेटर हा फटाका लावणारा नव्हे. ज्याच्या दारात तो फुटला, तो बिचारा गृहस्थ. बार पुढून न येता मागे सायलेन्सरमधून आला, तर न जळलेले पेट्रोल तिथवर जाऊन पेटले. ठिणगी उशिरा तरी पडते आहे किंवा मधूनच दांडी मारते आहे. म्हणून पाना हातात घेण्याआधी आवाज पुढून आला की मागून, एवढे विचारावे. जमलेल्या पाचांकडून सहसा सहा उत्तरे मिळतात.

खरी गोम अशी, की चार स्ट्रोकच्या एका चक्रात पिस्टन दोनदा माथ्यावर येतो. एकदा मिश्रण दाबत, एकदा धूर बाहेर लोटत. पुलीवरची खूण तो माथ्यावर आहे एवढेच सांगते. कुठल्या कामासाठी आला आहे, ते सांगत नाही. डेल्को क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे नुसत्या खुणेवर विसंबून तो बसवला तर अर्धा फेरा चुकण्याची सोय उत्तम असते. यावर उपाय फुकट आहे. इग्निशन बंद ठेवून एक नंबरचा प्लग काढायचा, भोकावर अंगठा दाबून धरायचा आणि दुसऱ्याने हळूहळू हँडल फिरवायचे. ‘फुस्स’ करून हवा अंगठा उडवते तो दाबाचा स्ट्रोक. मग खूण जुळेपर्यंत फिरवून डेल्कोची कॅप उघडायची; रोटरचे तोंड ज्या खुंटीकडे, तिथे एक नंबरची वायर हवी. बाकीच्या रोटर फिरतो त्या दिशेने 3, 4, 2. यात अंगठा काळा होतो, बिल होत नाही. ही पद्धत मागे पडण्याचे कारण बहुधा तेच असावे.

“पण काल तर चालत होती!” हा पहिला आक्षेप. काल काय झाले ते विचारा. बऱ्याचदा काल सर्व्हिसिंग झालेले असते आणि कुणीतरी चारही वायरी एकदम उपटलेल्या असतात. तसे नसेल तर डेल्कोचा क्लँप सैल होऊन तो हळूच फिरतो, किंवा डेल्कोतल्या पॉइंटची फायबरची टाच झिजून त्याची अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असलेली फट आणखी मिटत जाते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पेट्रोल कमी पडले तरी कार्बोरेटरमधून बार निघतोच. खरे आहे. पातळ मिश्रण रेंगाळत जळते आणि इनटेक व्हॉल्व्ह पुन्हा उघडेपर्यंत धुमसत राहते. पण मग चोक ओढून पाहा. इंजिन जरा तरी सुधारले, तर कार्बोरेटर खुशाल उतरवा, माझी हरकत नाही. चुकलेले टायमिंग चोकला दाद देत नाही. अडकलेला व्हॉल्व्ह किंवा सरकलेली टायमिंग चेन हेही गुन्हेगार असू शकतात. अंगठ्याला दाब कमी लागला किंवा भलत्या वेळी लागला, की त्यांची नावे आपोआप यादीत येतात. पॉइंटच्या जोडीला असलेल्या कंडेन्सरबद्दल मात्र एकच सांगतो: नवा आहे म्हणून त्याच्यावर विश्वास टाकू नये.

2023 च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी, म्हणजे हीच फियाट, टॅक्सी म्हणून गेली, तेव्हा हळहळ काळ्यापिवळ्या रंगाची झाली. बार कानावर पडताच “टायमिंग बघ रे” म्हणणारे जे कान होते, त्यांचे कुणी नाव काढले नाही. आता या गाड्या हौशी मंडळींकडे आहेत, आणि हौसेला सुटे करून धुता येईल असा भाग प्रिय असतो. टायमिंग जुळले की गाडी पहिल्याच सेल्फला उठते. पण तोवर कार्बोरेटर दोनदा धुऊन झालेला असतो, त्यामुळे श्रेय त्या धुण्याला जाते, आणि पुढच्या आठवड्यात शेजारच्या अ‍ॅम्बॅसेडरचा कार्बोरेटर उतरवायला त्याच गृहस्थांना सन्मानाने बोलावतात.