विलंबाचा दर्जा

पनवेल-रोहा लोहमार्गावरील जिते स्थानकात गाडीची प्रतीक्षा करण्यातच ज्याची निम्मी हयात सरली, आणि त्या तपश्चर्येबद्दल ज्याला सरकारदरबारी कधी चहाचा पेलाही मंजूर झाला नाही, त्या गृहस्थास डिसेंबर 2025 मध्ये नवी मुंबई विमानतळ सुरू झाल्यावर तिष्ठण्यालाही दर्जा असतो, हे ज्ञान व्हावे, हा योगच म्हणावयाचा.

विमान वाहतूक महासंचालनालयाच्या दप्तरी 15 मिनिटांपर्यंतचा उशीर हा उशीरच नव्हे. नागपूरसारख्या अडीच तासांच्या आतील प्रवासास 2 तासांचा खोळंबा झाला, की वेळेवर हजर झालेला उतारू अल्पोपाहाराचा हक्कदार. आणि 6 तासांहून अधिक विलंब दिसू लागला, की दुसरे विमान किंवा संपूर्ण परतावा. उड्डाण ऐनवेळी रद्दच झाले, तर 10,000 रुपयांपर्यंत नुकसानभरपाईची तजवीज आहे. मात्र ‘असाधारण परिस्थिती’ उद्भवल्यास कंपनीस भरपाई माफ, आणि त्या परिस्थितीच्या यादीत हवामान सामील आहे. आमच्या रायगड जिल्ह्यात ही असाधारण परिस्थिती दरसाल जूनमध्ये नेमाने दाखल होते व सप्टेंबर सरेपर्यंत मुक्काम करते; तिला विलंब झाल्यास भात लावणारे तेवढे कासावीस होतात.